मंगळासाठी सापळा रचणारे वुल्फ व्हिश्नियाक

दुसऱ्या ग्रहावर जीव आहे की नाही हे ओळखायचे कसे? तिथे हत्ती फिरत असतील किंवा वडाची झाडे उभी असतील, तर एक कॅमेरा पुरेल. पण पृथ्वीचा स्वतःचा इतिहास वेगळे सांगतो. इथे जीवसृष्टी साडेतीन अब्ज वर्षांहून जुनी आहे आणि त्यातला बहुतेक काळ या ग्रहावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचेच राज्य होते. मंगळावर काही जिवंत असलेच, तर तेही मातीत दडलेले, सुईच्या टोकावर हजारोंनी मावतील असे जीव असण्याचीच शक्यता अधिक. कोट्यवधी किलोमीटरवर, माणूस जवळ नसताना, एका यंत्राने ते शोधायचे कसे, याचे उत्तर देणारे उपकरण अगदी सुरुवातीला ज्यांनी बनवायला घेतले, त्यांचे नाव वुल्फ व्हिश्नियाक. त्यांचे उपकरण मंगळावर कधीच गेले नाही. ज्या प्रश्नासाठी त्यांनी ते बनवले, त्या प्रश्नाच्या पाठलागात वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांनी प्राण गमावले.

वुल्फ यांचा जन्म १९२२ मध्ये बर्लिनचा. कुटुंब रशियातून आलेले ज्यू. वडील रोमन व्हिश्नियाक पुढे छायाचित्रकार म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात नष्ट होण्याआधीच्या पूर्व युरोपातील ज्यू वस्त्यांची त्यांनी टिपलेली छायाचित्रे आज इतिहासाचा ठेवा मानली जातात. या रोमन यांना आणखी एक वेड होते, ते सूक्ष्मदर्शकाचे. पाण्याच्या थेंबातले जग ते तासन् तास न्याहाळत आणि त्याची छायाचित्रे काढत. जे डोळ्यांना दिसत नाही तेही जिवंत असते, याची ओळख वुल्फ यांना घरातच झाली.

जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि या कुटुंबाला देश सोडावा लागला. युरोपात बरीच ससेहोलपट झाल्यावर १९४० च्या अगदी अखेरीस ते न्यूयॉर्कला पोहोचले. वुल्फ तेव्हा अठरा वर्षांचे होते. ब्रुकलिन कॉलेजात शिक्षण घेऊन ते पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉर्नेलिस व्हान नील यांच्याकडे संशोधनाला गेले. व्हान नील हे सूक्ष्मजीवशास्त्रातले मोठे गुरू. जिवाणू प्रकाशापासून अन्न कसे तयार करतात, याच्या अभ्यासातून त्यांनी हिरव्या वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचे कोडे उलगडण्याची वाट दाखवली होती. त्यांच्या हाताखाली वुल्फ यांना एक गोष्ट पक्की कळली. जगण्याची तऱ्हा एकच नसते. कोणी प्रकाशावर जगते, कोणी साखरेवर, तर कोणी चक्क गंधकावर.

डॉक्टरेटनंतर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सेव्हेरो ओचोआ यांच्याबरोबर काम केले. ओचोआ यांना पुढे १९५९ चे नोबेल मिळाले. पालकाच्या पानांतील हरितद्रव्याचे कण प्रकाशाची ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रासायनिक रूपात कशी आणतात, यावर या दोघांनी १९५१ मध्ये महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यानंतर येल विद्यापीठात आणि १९६१ पासून रॉचेस्टर विद्यापीठात व्हिश्नियाक अध्यापन आणि संशोधन करत राहिले. गंधकावर जगणारे थायोबॅसिलस जिवाणू हा त्यांचा खास विषय. जिवाणू वाढवण्यासाठी लागणाऱ्या जस्त, मँगनीज, कोबाल्ट, तांबे यांसारख्या क्षारांचे एक मिश्रण त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत ते आजही वापरले जाते.

म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हिश्नियाक हे आपल्या विषयात नाव कमावलेले, स्थिरावलेले प्राध्यापक होते. अवकाशाशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, पाठोपाठ अमेरिकेत नासाची स्थापना झाली आणि मंगळावर यान पाठवण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. अशाच एका चर्चेत एका शास्त्रज्ञाने आश्चर्य व्यक्त केले. सूक्ष्मजीव आहेत की नाहीत हे आपोआप तपासणारे एकही साधे, भरवशाचे यंत्र जीवशास्त्रज्ञांकडे कसे नाही? हा टोमणा व्हिश्नियाक यांच्या मनाला लागला. असे यंत्र नसेल तर ते आपणच करायचे, असे त्यांनी ठरवले.

१९५९ च्या मार्चमध्ये नासाने त्यांना ४,४८५ डॉलरचे अनुदान दिले. जीवशास्त्रासाठी नासाने दिलेले हे पहिलेच अनुदान. परग्रहावरील सूक्ष्मजीव दुरून ओळखणाऱ्या उपकरणाचा नमुना त्यातून तयार करायचा होता. उपकरण आकाराला आले, तेव्हा सहकाऱ्यांनी गमतीने त्याचे बारसे केले ‘वुल्फ ट्रॅप’. वुल्फ म्हणजे लांडगा. वुल्फ यांनी बनवलेला, म्हणून हा लांडग्याचा सापळा.

सापळ्यामागची कल्पना आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. उन्हाळ्यात वरणाचे नितळ पाणी रात्रभर बाहेर राहिले तर सकाळी ते गढूळ झालेले असते आणि चव घेतली तर आंबट लागते. दोन्ही कामे सूक्ष्मजीवांची. संख्या वाढली की द्रवात कोट्यवधी पेशी तरंगू लागतात आणि पाणी गढुळते. त्या पेशी अन्न पचवून आम्ल बाहेर टाकतात, म्हणून ते आंबते. व्हिश्नियाक यांच्या यंत्रात नेमके हेच मोजायचे होते. मंगळावर उतरल्यावर एका नळीतून थोडी माती आत ओढायची आणि ती पोषक द्रवात मिसळायची. मग त्या द्रवातून प्रकाशाचा झोत सोडायचा. कणांवर आदळून तो किती विखुरतो ते मोजले की गढूळपणा कळतो. दुसऱ्या बाजूला द्रवाची आम्लता किती बदलते, याचीही नोंद ठेवायची. मोजमापांचे आकडे रेडिओलहरींवरून पृथ्वीवर पाठवायचे.

इथे एक शंका कोणालाही येईल. द्रव तर मातीनेही गढूळ होतो, मग फरक कसा कळणार? त्याचे उत्तर वेळेत आहे. मातीने आलेला गढूळपणा सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो आणि कण तळाशी बसतील तसा तो कमी होतो. जिवंत पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा वाढतात. त्यामुळे आधी बराच काळ काहीच होत नाही आणि मग गढूळपणा झपाट्याने चढत जातो. रासायनिक क्रियेचे वागणे साधारण याच्या उलट असते. ती सुरुवातीला जोरात होते आणि कच्चा माल संपत आला की मंदावते. म्हणजे काय बदलले यापेक्षा ते कोणत्या गतीने बदलले, हे जीवनाची खूण ओळखताना महत्त्वाचे ठरते. हा जीव कोणता वायू सोडतो, कोणती साखर खातो, हे आधीपासून गृहीत धरावे लागत नाही. तो वाढतो, एवढेच धरायचे.

याच सुमारास इतरही शास्त्रज्ञ आपापली यंत्रे घेऊन पुढे आले होते. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या यंत्राचे नाव होते गलिव्हर. त्यात पोषक द्रवातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली होती. जीवांनी ते अन्न पचवले, तर खूण असलेला वायू बाहेर पडून पकडला जाणार होता. नॉर्मन होरोविट्झ यांचा विचार वेगळा होता. मंगळावर द्रवरूप पाणी नाही, मग तिथल्या जीवाला पाण्यात बुडवून काय कळणार? त्यांच्या प्रयोगात पाण्याशिवाय, मंगळासारख्याच हवेत आणि प्रकाशात, माती कार्बन शोषून घेते का, हे पाहायचे होते. व्हान्स ओयामा यांचा तिसरा प्रयोग मातीभोवतीच्या वायूंतले बदल टिपणारा होता.

नासाच्या व्हायकिंग मोहिमेसाठी १९६९ मध्ये या तिघांबरोबर व्हिश्नियाक यांच्या प्रयोगाचीही निवड झाली. चार प्रयोग आणि त्यांच्यासाठी जागा साधारण एका घनफुटाची पेटी. तीत भट्ट्या, दिवे, झडपा, वायूंच्या बाटल्या, मोजमापाची साधने असे सारे बसवायचे होते. त्याखेरीज पृथ्वीवरचे जंतू चुकून मंगळावर जाऊ नयेत म्हणून संपूर्ण यान उड्डाणाआधी ११० अंश सेल्सिअसच्या वर कित्येक तास तापवले जाणार होते. एवढ्या उष्णतेत आतले यंत्र बिघडता कामा नये, हीही अट होती. काम वाढत गेले आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. अखेर १९७२ मध्ये चारपैकी एक प्रयोग काढून टाकण्याचा निर्णय झाला. तो प्रयोग व्हिश्नियाक यांचा होता.

निर्णयामागे पैसा होता, तसा शास्त्रीय आक्षेपही होता. कोरड्या मंगळावरच्या जीवाला भरपूर पाणी दिले तर तो वाढण्याऐवजी मरेल, असे टीकाकारांचे म्हणणे होते. बारा-तेरा वर्षांची मेहनत एका बैठकीत बाजूला पडली. व्हिश्नियाक यांना हे जिव्हारी लागले नसते तरच नवल. तरीही त्यांनी व्हायकिंगच्या जीवशास्त्र गटाची साथ सोडली नाही. उरलेले तीन प्रयोग जे निकाल देतील त्यांचा अर्थ नीट लावता यावा, यासाठी ते काम करत राहिले. मंगळावर स्वतःचे यंत्र पाठवता येत नव्हते. मग पृथ्वीवरच मंगळाशी सर्वांत मिळतीजुळती जागा गाठायची, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

ती जागा म्हणजे अंटार्क्टिकातील कोरड्या दऱ्या. बर्फाच्या खंडातला हा उघडा, खडकाळ भाग. तिथे पाऊस पडत नाही, पडणारे थोडे बर्फही कोरड्या वाऱ्यात पाणी न होताच उडून जाते. १९०३ मध्ये रॉबर्ट स्कॉट यांची तुकडी इथून गेली, तेव्हा त्यांना एकही सजीव दिसला नव्हता. होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथली माती तपासली. काही नमुन्यांत त्यांना एकही सूक्ष्मजीव सापडला नाही. ज्यांत सापडले, तेही वाऱ्याने दुसरीकडून आणून टाकलेले असावेत, तिथे वाढणारे नसावेत, असा निष्कर्ष त्यांनी १९७२ मध्ये मांडला.

हा वाद केवळ अंटार्क्टिकापुरता नव्हता. पृथ्वीवर जीव नाही असा कोपरा शोधूनही सापडत नाही, अशी तोवरची समजूत. इथली मातीच निर्जीव असेल, तर तिच्याहून कितीतरी थंड आणि कोरड्या मंगळावर जीव सापडण्याची आशा जवळजवळ संपतेच. शिवाय पृथ्वीवरचे जंतू तिथे तग धरणार नसतील, तर यान तापवून निर्जंतुक करण्याचा एवढा खटाटोप तरी कशाला, असा पुढचा प्रश्न होता.

व्हिश्नियाक यांना शंका होती ती तपासण्याच्या पद्धतीबद्दल. अंटार्क्टिकाची माती दूरच्या प्रयोगशाळेत आणायची, तिला ऊबदार आणि समृद्ध खाद्य द्यायचे आणि काही उगवले नाही तर तिथे काही नाही असे म्हणायचे, हे त्यांना पटत नव्हते. थंडीत, उपासमारीत जगायला शिकलेला जीव अशा पाहुणचाराने मरूही शकतो. म्हणून १९७१-७२ च्या दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात ते स्वतः तिथे गेले. माती बाहेर आणण्याऐवजी त्यांनी खाद्यच मातीत नेले. निर्जंतुक केलेली खाद्ययुक्त साधने त्यांनी जागोजागी पुरली, काही आठवडे तिथल्याच थंडीत राहू दिली आणि मग उकरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांवर सूक्ष्मजीव वाढलेले होते. काहीतरी तिथे जगत होते आणि वाढतही होते.

पण एवढ्याने वाद मिटणार नाही, हे ते जाणून होते. अधिक ठिकाणे, अधिक नमुने, अधिक काळजी हवी होती. १९७३ च्या अखेरीस ते पुन्हा कोरड्या दऱ्यांत गेले. अ‍ॅसगार्ड पर्वतरांगेत त्यांनी अनेक ठिकाणी आपली साधने पुरली. १० डिसेंबर १९७३ रोजी त्यांतली काही परत आणण्यासाठी ते तळावरून एकटेच निघाले. जागा माउंट बाल्डरजवळ, सुमारे तीन किलोमीटरवर होती. अंटार्क्टिकात त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. रात्री साडेदहाला त्यांनी वहीत शेवटची नोंद केली. एका ठिकाणचे साधन उचलल्याची, आणि मातीचे तापमान उणे १० व हवेचे उणे १६ अंश असल्याची. मंगळावरच्या एखाद्या उन्हाळी दिवसाला शोभेल असे ते तापमान होते.

ते परतले नाहीत. शोध घेणाऱ्यांना त्यांचा मृतदेह एका कड्याच्या पायथ्याशी सापडला. बर्फावरून पाय घसरून ते सुमारे दीडशे मीटर खाली कोसळले होते. ज्या बाजूला ते गेले, तो भाग आधी कोणी पाहिलेला नव्हता. नेहमीची वाट सोडून ते तिकडे का वळले, हे कळायला आता मार्ग नाही.

त्यांच्या मागे राहिले ते नमुने. तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास सगळ्यांत सूक्ष्मजीव आढळले. त्यांच्या पत्नी हेलन सिम्प्सन व्हिश्नियाक स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी हे काम पुढे नेले. अंटार्क्टिकाच्या मातीतून मिळालेल्या एका नव्या यीस्टचे वर्णन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला व्हिश्नियाक यांचे नाव देण्यात आले.

नमुन्यांत काही खडकही होते. हेलन यांनी ते इम्रे फ्रिडमन या संशोधकाकडे पाठवले. वाळवंटातल्या खडकांच्या आत राहणाऱ्या शैवालांचा फ्रिडमन यांचा अभ्यास होता. त्यांनी हे खडक फोडले, तेव्हा पृष्ठभागाच्या अगदी खाली, एखाद-दोन मिलिमीटरवर, हिरवा पट्टा दिसला. वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत जीव राहत होते. खडकातून झिरपणारा थोडा प्रकाश, उन्हाने तापलेल्या दगडाची ऊब आणि वितळलेल्या हिमाचे दोन-चार थेंब, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. ज्यांनी आधी फक्त माती चाळली, त्यांना हे घर दिसलेच नव्हते. फ्रिडमन यांचा हा शोध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी २० जुलैला व्हायकिंग-१ मंगळावर उतरले आणि ३ सप्टेंबरला व्हायकिंग-२. लेव्हिन यांच्या प्रयोगात खूण असलेला वायू बाहेर पडला. माती १६० अंशांपर्यंत तापवून पुन्हा तपासली तेव्हा तो पडला नाही. कागदावर हे जीव असल्याचेच लक्षण होते. पण वायू सुरुवातीलाच जोरात आला आणि मग मंदावला. खाद्याचा दुसरा हप्ता दिल्यावर पुन्हा वाढ झाली नाही. ओयामा यांच्या प्रयोगात मातीला नुसती ओल लागताच ऑक्सिजन सुटला. आणि सेंद्रिय रेणू शोधणाऱ्या वेगळ्या उपकरणाला मातीत त्यांचा पत्ता लागला नाही. जीव आहेत पण त्यांचे शरीर ज्या पदार्थांचे असते ते नाहीत, असे कसे होईल? बहुतेक शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की ही सारी करामत मंगळाच्या मातीतल्या तीव्र रसायनांची आहे. लेव्हिन मात्र अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले.

या गोंधळात वाढच मोजणारा चौथा प्रयोग असता तर काय झाले असते? त्यानेही कदाचित काही दाखवले नसते. टीकाकारांचा पाण्याबद्दलचा मुद्दा खोटा नव्हता. पण प्रयोग करण्याआधी परीक्षेच्या जागेची रसायने समजून घ्यायला हवीत, हा धडा व्हायकिंगने दिला. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले. तापवल्यावर सेंद्रिय पदार्थ जाळून टाकणारे हे क्षार. व्हायकिंगच्या उपकरणाने माती तापवूनच तपासली होती. म्हणजे जे शोधायचे होते तेच तपासताना नष्ट झाले असण्याची शक्यता आहे. त्यानंतर क्युरिऑसिटी यानाने खडकाला भोके पाडून आतली भुकटी तपासली आणि तीत सेंद्रिय रेणू मिळाले. ते जीवांचे आहेत असे म्हणता येत नाही, पण मंगळ त्यांच्याबाबत कोरडा नाही, हे ठरले.

अंटार्क्टिकाच्या वादातही दोन्ही बाजूंना थोडे-थोडे मिळाले. कोरड्या दऱ्यांच्या खालच्या भागात जीव आहेत, यात आता शंका नाही. मात्र अलीकडे, २०१६ मध्ये, उंचावरच्या युनिव्हर्सिटी व्हॅलीतल्या गोठलेल्या मातीत संशोधकांना सक्रिय जीवनाची चिन्हे सापडली नाहीत. म्हणजे पृथ्वीवरही जीवाच्या मर्यादेपाशी पोहोचलेल्या जागा आहेत. ती मर्यादा नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय मंगळावरच्या कोणत्याही नकाराचा अर्थ लावता येत नाही. म्हणूनच दर उन्हाळ्यात संशोधक त्या दऱ्यांत जातात.

आज परग्रहावरील जीव तपासण्याचे मार्ग बदलले आहेत. पोषक द्रवात माती टाकून वाट पाहण्याचा आग्रह कमी झाला आहे. एकाच चाचणीवर कोणी विसंबत नाही. रेणूंची रचना, कार्बन आणि गंधकाच्या समस्थानिकांचे प्रमाण, खडकाची ठेवण असे अनेक पुरावे एकमेकांना दुजोरा देतात का, हे पाहिले जाते. आणि मातीचा वरवरचा थर सोडून आत, आडोशाला पाहिले जाते. युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरवर दोन मीटर खोल जाणारे छिद्रयंत्र आहे, ते याचसाठी. किरणांपासून आणि रसायनांपासून बचावलेले काही असले, तर ते तिथेच असेल.

मंगळाच्या दक्षिण भागात एका विवराला व्हिश्नियाक यांचे नाव दिलेले आहे. त्यांचा सापळा त्या ग्रहापर्यंत पोहोचला नाही. पण काही सापडले नाही, याचा अर्थ तिथे काही नाही असा घेण्याआधी आपण जिथे आणि जसे पाहिले ते बरोबर होते का, हे तपासण्याची सवय त्यांनी या शास्त्राला लावली. पुढच्या प्रत्येक यानाला आणि त्याच्या चमूला हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो.